ट्यूशन विचारायला आम्ही तिघं गेलो

अर्चनाताई,

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि मी अजून रडलो नाही. यात मोठेपणा काही नाही. मला वाटलं होतं, येईल आज नाही तर उद्या, सर्दी येते तसं. घाटावरून आलो, आंघोळ केली, दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक आधार कार्डवालं होतं. दोन्ही बाजू एकाच पानावर पाहिजे होत्या. काढून दिल्या. चांगल्या आल्या.

मग तेरवीनंतर काका आले, तुमचे बाबा. त्यांच्या हातात तुमच्या मृत्यूचा दाखला होता. "पंधरा काढ," म्हणाले. बँकेत लागतात, इकडे लागतात, तिकडे लागतात. मी कागद काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं. मशीनचा हिरवा उजेड तुमच्या नावाखालून पंधरा वेळा गेला आणि मी विचार काय करत होतो, तर टोनर संपत आलंय, नागपूरच्या बसनं मागवावं लागेल. काकांनी कागद मोजले नाहीत. मीही मोजले नाहीत. घरी जाऊन त्यांना सोळा सापडले असतील तर तो माझा नेहमीचा घोळ.

सौंसरात माझी ओळख हसवणारा माणूस म्हणून आहे. ती मी स्वतःच्या फजित्या सांगसांगून कमावली आहे. एका लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात मी दुसऱ्यांच्या तेरवीच्या चार पत्रिका घातल्या होत्या, तो किस्सा लोधीखेड्यापर्यंत गेला. चाळीस प्रतींऐवजी चारशे काढल्या, तोही गेला. पण माझा सगळ्यात चाललेला किस्सा तुमचा होता. नऊ वर्षं चालला. आज तो तुम्हालाच सांगतो. तुम्ही म्हणाल, मी तिथंच होते की. होत्या, पण पूर्ण ऐकला कुठं तुम्ही?

पायल नववीत होती. तिमाहीत गणितात शंभरापैकी चौदा आले. पुढच्या वर्षी दहावीचं बोर्ड. ट्यूशन लावायची ठरली. आता सौंसरात ट्यूशनवाल्या मास्तरांची सगळ्यात पक्की माहिती कोणाला असेल, तर ती झेरॉक्सवाल्याला. सगळ्यांची पत्रकं माझ्याच मशीनमधून निघायची. 'शंभर टक्के गॅरंटी'वाले मास्तर पत्रकाचे पैसे देताना हिशोबात चुकायचे. दुसरे एक होते, ते परीक्षेआधी 'खास प्रश्न' म्हणून जे वाटत, ते गेल्या वर्षीचंच पान असे. वरची तारीख व्हाइटनरनं झाकून द्यायचं काम माझं. हलवायाच्या भट्टीमागे राहणाऱ्याला जिलेबी गोड लागत नाही म्हणतात, तसं माझं झालं होतं.

तुमचं पत्रक नव्हतं. तुम्ही दर शनिवारी यायच्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि हातानं लिहिलेले सात कागद पुढं ठेवायच्या. सातही वेगळे. प्रत्येकाची एकच प्रत. मला कळेना, एकच प्रत काढायची तर माणूस झेरॉक्स काढतो कशाला! शेवटी विचारलं.

"एक पोराकडे राहते, एक माझ्याकडे," तुम्ही म्हणालात. "मी काय विचारलं होतं ते मलाही आठवलं पाहिजे ना."

"पण सातही वेगळे?"

"पोरं सात आहेत."

त्या दिवशी मी एक कागद वाचला. दुसऱ्याचे कागद वाचणं हा आमच्या धंद्यातला दोष आहे, पण मी तो दोष मन लावून करतो. त्यावर संत्र्याच्या पेट्यांची गणितं होती, आणि तो पोरगा होता संत्रा भरणाऱ्याचा. दुसऱ्या कागदावर छिंदवाड्याच्या बसच्या वेळा होत्या. तो कंडक्टरचा. मी घरी येऊन सांगितलं, मास्तरीण सापडली.

बायको म्हणाली, "मी जाऊन विचारून येते. पाच मिनिटाचं काम आहे."

इथंच मी शहाणपणा केला. मी म्हटलं, असं नाही. शिक्षणाची गोष्ट आहे, रीतीनं जाऊ. अविवाहित बाई, घरी म्हातारे वडील, आपण एकट्यानं जाणंही बरं दिसत नाही. तुमच्या बाबांच्या ओळखीचं कोणी तरी पाहिजे म्हणून मी लोधीखेड्याच्या महादेवमामांना फोन लावला. मामा म्हणाले, "चाल ना, त्यात काय! मी सांगून ठेवतो त्यायले, रविवारी येऊन राहिलो म्हणून." मामांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना जीपमधून आणायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे आलं. संदीप गावी शेती पाहतो. रविवारी शहरात यायचं, म्हणून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. आणि रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी पेढ्यांचा डबा घेतला.

आता हे सगळं एका ओळीत मांडून पाहतो. रविवारची सकाळ. वडीलधारा मामा, ज्याचा साऱ्या तालुक्यात एकच लौकिक, की तो लग्नं जुळवतो. मोठा भाऊ, हातात पेढे. आणि मागे इस्त्रीच्या शर्टातला छत्तीस वर्षांचा बिनलग्नाचा धाकटा. हे सौंसरच्या कुठल्याही लहान पोराला दाखवलं असतं, तरी त्यानं सांगितलं असतं की ही माणसं कुठे चालली आहेत. मलाच तेवढं कळलं नाही. मी ट्यूशन विचारायला चाललो होतो.

तुमचं अंगण धुतलेलं होतं. ओलं होतं अजून. मला वाटलं, टापटीप घर आहे, पोरीला वळण लागेल. काकांनी पांढरा सदरा घातला होता, घड्या न मोडलेला. शेजारची एक काकू दारात उभी होती, ती आम्हाला पाहून लगबगीनं आत गेली. तुम्ही साडीत बाहेर आल्या, हातात पोह्यांचा ट्रे. मी तुम्हाला दुकानात नेहमी पंजाबी ड्रेसमध्ये पाहिलेलं. मनात म्हटलं, झेरॉक्सवाल्याचा केवढा हा मान!

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते संदीपशी बोलत होते.

"शेती किती म्हणता?"

"बारा एकर हाये जी. त्यात चार एकर संत्रा."

"पाण्याचं कसं?"

"विहीर हाये. उन्हाळ्यात थोडी ओढाताण होते, पण बगीचा वाचवतो."

"घरी कोण कोण?"

"आई हाये. भाऊ इथी शहरात राहाते."

मामा पोहे खात होते. मामांना वाटलं, अन्यानं, म्हणजे मी, आपल्याला सांगितलं नसेल, पण बेत हाच दिसतो. मला वाटलं, काका साधे आहेत, ड्रायव्हरशीही किती प्रेमानं बोलतात. आणि मी, ताई, मी मध्ये पडलो.

"त्याचं जाऊ द्या हो काका," मी म्हटलं, "हा त फक्त गाडी चालवाले आला. आम्ही पोरीच्या ट्यूशनचं विचाराले आलो. गणित कच्चं आहे तिचं."

मी काकांच्या सदऱ्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, तुमच्या साडीकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात दिवा लागला. आणि मी हसलो. तोंडावर हात ठेवून नाही हसलो. मांडीवर थाप मारून हसलो, मामांच्या पाठीवर थाप मारून हसलो, मामांना ठसका लागला. "अरे बापा रे," मी म्हणत होतो, "अरे बापा रे, तुम्हाले काय वाटलं!" काका पाणी पाहतो म्हणून आत गेले. ते लवकर बाहेर आले नाहीत.

तुम्ही ट्रे धरून तशाच उभ्या होत्या. तुम्ही विचारलंत, "कितवीत आहे?"

"नववीत."

"उद्यापासून पाठवा. पाच वाजता. वही कोरी आणायची."

झालं. एवढाच किस्सा. मी जीपमध्ये बसलो तेव्हाच तो मनात जुळवायला घेतला होता, कुठं थांबायचं, कुठं मामांचा ठसका आणायचा. संदीप गाडी चालवत होता. तो काही बोलला नाही. पण तो एरवीही फार बोलत नाही.

पायलला तुम्ही दोन वर्षं शिकवलंत. पहिल्या महिन्यात आपलं भांडण झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. आपलं सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून शाळा हिंदी, पुस्तक हिंदी, पेपर हिंदी, आणि तुम्ही तिला मराठीत शिकवत होत्या. मी दुकानातूनच ओरडलो होतो, "ताई, पेपर हिंदीत येते, तुम्ही मराठीत काऊन शिकवून राहिल्या?"

"ती घरी भांडते कोणत्या भाषेत?"

"मराठीत. आईसारखी."

"मग गणिताशीही आधी मराठीतच भांडू द्या. जिंकली की हिंदीत लिहून येईल."

मी काही मानलं नाही. पायल पास झाली, चांगली झाली, तरी मी म्हणायचो, हिंदीतून शिकवलं असतं तर अजून पाच मार्क आले असते. तुम्ही म्हणायच्या, "आले असते, आणि दुसऱ्या दिवशी गेले असते." आता पायल पांढुर्ण्याला एका ऑफिसात आहे. जिल्हा झाल्यापासून तिथं कामाला तोटा नाही. गेल्या महिन्यात कळलं, की ती तिथं साहेबाशी हिंदीत भांडते आणि जिंकते. मला वाटलं, चला, सापडला मुद्दा. शनिवारी तुम्ही आल्या की ऐकवू. तुम्ही यावर काय म्हणाल्या असत्या, तेही मला माहीत आहे. पण तुमच्या तोंडून हरायची सवय झाली होती.

पायलच्या कागदांवर तुम्ही मला घातलंत. दर शनिवारी मी मुकाट्यानं स्वतःच्याच बदनामीची एक प्रत काढायचो. 'एका दुकानदाराने चाळीसऐवजी चारशे प्रती काढल्या, तर चूक किती पट?' 'एक माणूस स्कूटरमध्ये पेट्रोल टाकायला विसरतो आणि दीड तासात तीन किलोमीटर ढकलत नेतो, तर त्याचा ताशी वेग काढा.' पायल खिदळत गणितं सोडवायची. जिला अंक पाहून पोटात दुखायचं, ती बापाचा वेग काढायला पाचच्या आधी तुमच्या दारात जाऊन बसायची. हे तुम्ही केलंत, ताई. मी तर फक्त फजित्या पुरवल्या.

आणि मला वाटायचं, फिट्टंफाट आहे. त्या मला कागदावर घेतात, मी त्यांना किस्स्यात घेतो. म्हणून मी सांगत राहिलो. पायलच्या निकालाचे पेढे वाटताना सांगितला. गणपतीत सांगितला. माझ्या दुकानाच्या नव्या मशीनच्या पूजेला सांगितला, तुम्ही समोर प्रसाद खात होत्या. तुम्ही भरही घालायच्या. "मामांनी तर दुसऱ्यांदा पोहे मागितले होते," म्हणायच्या, आणि लोक आणखी हसायचे. मी समजलो, ही परवानगी.

या दिवसांत मी रिकामा बसून असतो, मशीन गरम होईपर्यंत. तेव्हा एक गोष्ट दिसली. मामांच्या पोह्यांचं तुम्ही सांगायच्या, ते उठता उठता. मग चहा पाहायला जायच्या, नाही तर कोणाच्या पोराला घ्यायला जायच्या, नाही तर चप्पल शोधायच्या. मी मांडीवर थाप मारायचो तेव्हा तुम्ही खोलीत नसायच्या. नऊ वर्षांत एकदाही नव्हत्या. मी सांगणारा माणूस. ऐकणारे किती, कुठं बसले, कोण उठलं, हे माझ्या नजरेतून सुटत नाही असं मी मानतो. हे सुटलं.

घाटावरून परतताना संदीप माझ्यासोबत होता. तो गावाहून आला होता. कोणी बोलावलं नव्हतं, मीही नाही. मोटरसायकल हातात धरून तो माझ्याबरोबर पायी चालत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "तो किस्सा आता सांगू नको."

"नाही सांगत."

मग तो म्हणाला, "काका विचारून राहिले होते, अन् मी उत्तर देऊन राहिलो होतो."

मला आधी कळलं नाही तो काय सांगतोय. "म्हणजे? तुले समजलं होतं?"

"आंगण ओलं पाहूनच समजलं होतं. मले वाटलं, मामानं अन् तूनं मिळून ठरवलं असन. मले सांगितलं नसन."

"मग बोलला काऊन नाही बे? तिथीच सांगाचं होतं. मागून सांगाचं होतं."

"तू हसला ना."

एवढं बोलून त्यानं गाडीला किक मारली. तो अजून एकटाच आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या मनात त्या ट्रेमागे काय होतं, ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित तुम्ही त्याला नाही म्हटलं असतं, बारा एकर आणि ओढाताणीची विहीर ऐकून. पण ते म्हणायची पाळी तुमची होती. ती मी खाऊन टाकली, आणि वर नऊ वर्षं ढेकर देत फिरलो.

पायलला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोणत्या मॅडम?" तिला माहीत होतं कोणत्या. तिला एकच मॅडम होत्या. मी पुन्हा नाव सांगितलं, तर म्हणाली, "मी साहेबाला सुट्टीचं विचारून येते," आणि फोन चालूच ठेवून गेली. मी तसाच धरून बसलो. पलीकडे कोणी तरी स्टेपलर मारत होतं.

आता परवाचं सांगतो. परवाची फजिती ताजी आहे, अजून कोणाला सांगितलेली नाही.

दुपारी एक माणूस आला. पांढुर्ण्याहून बदलून आलेला, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी. मुलाच्या दाखल्याच्या प्रती काढता काढता म्हणाला, "भाऊ, इथी गणिताचं चांगलं कोण शिकवते? पोट्टा आठवीत हाये."

"अर्चना मॅडम," मी म्हटलं. "हनुमान मंदिराच्या मागची गल्ली, कडुलिंबासमोर. दुसऱ्या कोणाकडे जाऊ नका."

"घेतीन ना?"

"सातच घेतात. पण विचारून पाहा."

तो गेला. मी पुढच्याचा कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. आणि मग मला आठवलं.

मी दुकान तसंच टाकलं. स्कूटर सुरू होईना, म्हणून पळालो. या वयात, या पोटानं, भर बाजारातून. लोक म्हणाले, काय झालं अनिलभाऊ? मी पोचलो तेव्हा तो माणूस तुमच्या ओट्यावर बसला होता, आणि काका त्याला पाणी देत होते. त्याचं विचारून झालं होतं. त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजलं. तो मला पाहून उठला, चिडलाही नाही, "मले काय माहीत भाऊ," म्हणाला, आणि पाणी न पिता निघून गेला. त्याचा ग्लास काकांच्या हातातच राहिला.

मी धापा टाकत होतो. बोलता येईना. कसंबसं म्हटलं, "काका, माझं चुकलं."

काकांनी ग्लास खाली ठेवला. ते आता ऐंशीचे आहेत. सावकाश बसले, मलाही बसायची खूण केली. मग विचारलं, "आताचं का तवाचं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. विनोदही करू शकलो असतो, जिभेवर होता एक. मी म्हटलं, "तवाचं."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, रडले नाहीत. मग म्हणाले, "मले कायले सांगतं, अनिल? मले काय करायचं हाये आता त्याचं. ते तिले सांगायचं होतं."

म्हणून हे लिहितोय.

ताई, त्या दिवशी मी हसायला नको होतं.